यातून कोणाला मिळत नव्हतं?

चांदीच्या एका प्याल्यासाठी आमच्या सरांनी एका म्हाताऱ्या बाईंना वर्षानुवर्षं रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्या दरवर्षी यायच्या, मागायच्या, सर नाही म्हणायचे, त्या जायच्या. प्याला त्यांच्या गावच्या चर्चमधला होता आणि आता आमच्या संग्रहालयात होता. चर्चच्या वाढदिवसाच्या रविवारी तो तिथे न्यायचा, प्रभुभोजनाच्या वेळी त्यातून एक घोट घ्यायचा आणि सोमवारी परत आणून द्यायचा, एवढीच त्यांची मागणी. आणि आमचे सर, जे भटक्या कुत्र्याला हाड म्हणतानासुद्धा ओशाळायचे, ते या बाईंना तोंडावर नाही म्हणायचे. का, ते सांगेन. पण आधी सर म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना सरळ दुष्ट ठरवून मोकळे व्हाल.

मी बाहेरगावी राहून संग्रहालयशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. पांढरे सुती हातमोजे, मऊ ब्रश, मोजपट्ट्या असली पेटी घेऊन मी विद्यापीठाच्या संग्रहालयात रुजू झाले, ती थेट सरांच्या हाताखाली. धातूच्या वस्तूंचं दालन त्यांच्या ताब्यात होतं. नाशिकच्या संग्रहालयात तांब्या-पितळेला काय तोटा! हंडे, कळश्या, घंगाळं, समया, पानदानं ओळीने मांडलेली, आणि शेवटच्या कपाटात एका जुन्या चर्चमधून आलेल्या वस्तू: मेणबत्त्या लावायचे स्टँड, हातघंटा, दान गोळा करायची थाळी आणि दोन प्याले. मी हातमोजे चढवले, पहिल्या कपाटापाशी गेले आणि खालची पाटी वाचली.

'तांब्याचा बंब. आधी पुरुषांची आंघोळ, मग मुलांची, मग सुनांची. घरातल्या विधवा आत्याबाईंना यातलं गरम पाणी कधी मिळालं नाही.'

मी हबकले. उंची नाही, वजन नाही, कुठल्या काळातला ते नाही, कुठे घडवला ते नाही. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली आहे. पुढची पाटी वाचली. 'पितळी पानदान. यातला विडा घरातल्या बायकांनी लावायचा. खायचा नाही.' त्याच्या पुढची. 'चांदीची झारी. बाजूला बसलेल्या बाईची सावली हिच्यावर पडली तर झारी चिंचेने घासावी लागे. बाईला कोण काय म्हणे ते इथे लिहिता येत नाही.' अख्ख्या दालनात हाच प्रकार. मी पेटी तशीच उचलून सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, या पाट्या कुणी लिहिल्या?"

"मी."

"त्यात मोजमापं नाहीत."

"उंची दिसते की त्यांना काचेतून. डोळे आहेत. जे दिसत नाही ते लिहायचं."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांत कुणा बाईचं नाव घातलेलं होतं. मला वाटलं, पत्नीचं असेल. नंतर कळलं की सरांनी लग्नच केलेलं नव्हतं. डबा मोडीच्या दुकानातून उचललेला. ही बाई कोण, असं विचारलं की म्हणायचे, "मला काय माहीत! पण तिचं नाव वितळवायला निघाले होते, मग घेतला." शनिवार दुपार त्यांची मोडीच्या दुकानांत जायची. तिथे वजनावर घातलेल्या भांड्यांच्या ढिगाऱ्यात ते बाह्या सारून शिरत आणि तासाभराने एखादं चेपलेलं तपेलं छातीशी धरून बाहेर येत. कपड्यांची शुद्ध नसायची. चेहरा मात्र असा, की जणू विहिरीतून मूल काढलंय.

गळ्यात दोऱ्याला लोहचुंबक. पितळेच्या मुलाम्याखाली लोखंड आहे का हे बघायला ते होतं, पण सर ते कशालाही लावून बघायचे. पाहुण्याचं घड्याळ, माझी पर्स, एकदा तर एका नव्या प्राध्यापिकेचं मंगळसूत्र. ती बिचारी किंचाळली होती. दालनात चप्पल-बूट बंद. हा नियम कुलगुरूंनाही होता, आणि कुलगुरूंच्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे हे त्यामुळे सगळ्या विद्यापीठाला कळलं.

पण या सगळ्याची सवय होते. त्यांच्या त्या प्रश्नाची मला कधी झाली नाही. कुणी भांडं देणगी म्हणून घेऊन आलं की सर आधी त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत, मग अगदी मायेने वर बघून विचारत, "फार छान आहे हो. यातून कोणाला मिळत नव्हतं?"

समोरचा माणूस गारच पडायचा. कुणी म्हणायचं, कळलं नाही. मग सर फोड करून सांगायचे की प्रत्येक घरात प्रत्येक भांड्याला कुणीतरी नको असतं, ते कोण हे सांगा, म्हणजे पाटी लिहायला घेतो. मी पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसलेली असायचे. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

शहरातले एक बडे गृहस्थ एकदा चांदीचं ताट, वाट्या, तांब्या असा पुरा संच घेऊन आले. आईच्या स्मरणार्थ द्यायचा होता. सोबत फोटोग्राफर. कुलगुरूंच्या कार्यालयातून सकाळीच फोन आलेला, नीट स्वागत करा म्हणून. सरांनी नीट स्वागत केलं. चहा मागवला. ताटावर टकटक केली. मी मनात देवाचा धावा करत होते.

"सुरेख," सर म्हणाले. "बरं, या ताटात कोणाला वाढत नव्हते?"

"आमच्यात असलं काही नव्हतं," गृहस्थ म्हणाले.

"मग आई जेवायच्या यात?"

गृहस्थांनी ताटाकडे बघितलं. "आई... आईचं सगळ्यांच्या शेवटी असायचं. आत, चुलीपाशी."

"कशात जेवायच्या?"

"तुम्हाला काय करायचंय हो?" ते असे ओरडले की फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. वाट्या खणखणत पिशवीत गेल्या, ताट गेलं, तांब्या गेला, गृहस्थ गेले. थोड्याच वेळात कुलसचिवांचा फोन आला आणि त्यांचा आवाज रिसीव्हरबाहेर मला ऐकू येत होता. सरांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि माझा थंड झालेला चहासुद्धा पिऊन टाकला.

"गेलं तर गेलं," म्हणाले. "आज रात्री झोप नाही येणार त्याला. आई कशात जेवायची, हे आठवत बसेल."

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, तुमच्या घरी कोणाला मिळत नव्हतं?" त्यांनी हातातलं तपेलं टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मला सगळ्यातून मिळत होतं. म्हणूनच विचारत हिंडतो."

दिवाळीत फराळाला मी त्यांना घरी बोलावलं. आईला आधीच बजावून ठेवलं होतं की काचेच्या ग्लासात पाणी दे. पण सर म्हणजे मुलीचे साहेब, म्हणून आईने कपाटातलं चांदीचं फुलपात्र काढलं. सरांनी ते हातात घेतलं. मी डोळ्यांनी खुणा करत होते, सर नको, सर इथे नको. सरांनी पेराने टकटक केली.

"वहिनी, यातून कोणाला मिळत नव्हतं?"

आई चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "मला." मग हसली. "माझ्या माहेरचं आहे ते. भावांना त्यातून दूध. मला बशीत चहा, त्यातच पोळी बुडवून. लग्नात वडिलांनी नेमकं तेच दिलं मला."

"मग आता पिता ना त्यातून?"

"छे! पाहुण्यांचं आहे ते."

मी थक्क झाले. ते फुलपात्र मी जन्मल्यापासून बघत होते, दर पाडव्याला घासतही होते. आई त्यातून कधी प्यायली नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सरांनी पाणी संपवलं, पुन्हा भरून मागितलं आणि आईपुढे धरलं. "घ्या वहिनी." आई लाजून लाल झाली. "इश्श, नंतर पिईन," म्हणाली, आणि ते आत नेऊन ठेवलं. सर गेल्यावर ती ओट्यापाशी कितीतरी वेळ पाठमोरी उभी होती. मला सरांचा भयंकर राग आला. माणसाला असं खरवडायचं, त्याचं एक वाक्य उचलायचं, आणि लाडू खाऊन निघून जायचं, याला काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता प्याल्यांचं. गोदाकाठी, सायखेड्याच्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथलं दगडी चर्च दुरुस्त केलं तेव्हा तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, जुन्या धातूच्या वस्तू विद्यापीठाला देऊन टाकल्या. ही मी येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. दोन प्याल्यांतला एक चांदीचा, उंच, बारीक दांड्याचा, आतून सोन्याचा मुलामा दिलेला. तो बोटीतून आला होता. दुसरा पितळेचा, बुटका, आतून कल्हई केलेला. तो नाशकातल्याच कुणा तांबटाने ठोकलेला. दोन प्याले का, हे सरांनी अर्थातच विचारलं, आणि पाळकसाहेबांनी खरं ते सांगितलं. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीत, सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावायचे असतात. गावातली निरनिराळ्या जातींची घरं ख्रिस्ती झाली खरी, पण काहींना काहींचं उष्टं चालेना. म्हणून पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांना चांदीचा आणि मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना पितळेचा. पुढे ही पद्धत बंद पडली, सगळ्यांना छोटे छोटे काचेचे ग्लास आले आणि दोन्ही प्याले कपाटात गेले.

सरांनी चांदीच्या प्याल्याखाली लिहिलं, 'मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना यातून मिळत नसे.' आणि पितळी प्याल्याखाली, 'हा त्यांच्यासाठी.' संपूर्ण दालनात त्यांना सर्वांत अभिमान होता तो या दोन पाट्यांचा.

आणि ज्या बाई यायच्या त्या याच गावच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी हयात घालवलेली. कडक इस्त्रीची पांढरी साडी, सोनेरी काड्यांचा चष्मा, काखेत छत्री, आणि बोलणं असं स्वच्छ की रेडिओवर बातम्या द्याव्यात. सरांसाठी भाजलेल्या शेंगा आणायच्या. दोघं समोरासमोर बसून शेंगा फोडायची, टरफलांचा ढीग वाढत जायचा आणि भांडण सुरू व्हायचं.

"सलाम, साहेब. मोठा प्याला न्यायला आले होते. रविवारपुरता."

"सलाम, बाई. न्या की. दोन्ही न्या."

"दुसरा नको."

"मग पहिलाही नाही. जोडी आहे ती. एक मिरवायचा आणि एक झाकून ठेवायचा, हे माझ्याकडून होणार नाही."

"साहेब, एका घोटाचा प्रश्न आहे."

"घोटाचाच तर प्रश्न आहे बाई."

त्या उठायच्या. जाताना त्या कपाटापाशी थांबून चांदीच्या प्याल्याकडे बघायच्या. पितळी प्याल्यावरून मात्र नजर अशी वळवायच्या की तिथे काही नाहीच. सर हे मला कोपराने ढोसून दाखवायचे. "बघ, बघ. बघवत नाही त्यांना. लाज वाटते. वाटायलाच पाहिजे." मला तेव्हा ते पटायचं. मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई, आणि आपल्या वाडवडिलांनी केलेलं कबूल करायला एवढी का कचरते?

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी बाई आल्या त्या भाच्याच्या रिक्षातून, काठी टेकत. निम्म्या झाल्या होत्या. साडीची इस्त्री तशीच कडक, पण आतलं माणूस कुठे होतं कोण जाणे. शेंगा आणल्या होत्या, त्या सरांपुढे ठेवल्या. स्वतः एकही घेतली नाही.

"घशात गाठ आहे," त्यांनी सांगून टाकलं, जसं दुसऱ्या कुणाच्या केसपेपरवरचं वाचावं. "पातळ तेवढं उतरतं. ते किती दिवस उतरेल, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी माझी खेप होणार नाही साहेब. मोठा प्याला द्या."

मी सरांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मनात म्हटलं, सुटलं एकदाचं.

"बाई, मी स्वतः गाडी करून घेऊन येतो," सर म्हणाले. "दोन्ही."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "सर, द्या हो! काय लावलंय!" मी ओरडले. नोकरीत पहिल्यांदाच. सरांनी मला हाताने गप्प केलं. ते बाईंकडे वाकले, आणि अगदी हळू, अगदी कळवळून म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांनी ज्यांना जन्मभर मागे बसवलं, त्यांचा प्याला एक दिवस पुढे मांडायचा. एवढंही तुम्हाला जड जातं?"

"माझे लोक?" बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला. काठी अशी आपटली की शेजारच्या कपाटाची काच थरारली. आणि त्यांच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती मी त्यांच्याकडून कधीही ऐकलेली नव्हती.

"कोन माझे लोक? आँ? पुढच्या बाकावरचे व्हय? ते समदे गेले कवाच. कोनी पुन्याला, कोनी मुंबईला, कोनी तिकडं परदेशात. आता गावात हायेत ते समदे मागच्या बाकांचे. म्या बी तिथलीच. माझा बाप चर्चची घंटा वाजवायचा. दर शनवारी ह्यो मोठा प्याला रांगोळीनं घासून लख करायचा. त्याच्यावानी कोनालाच जमायचं नाय. आन् रविवारी मागं जाऊन बसायचा, पितळीतनं प्यायला. जन्मभर घासला त्यानं. एकदा बी ओठ नाय लागला."

धाप लागली होती. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"माझा नंबर लागला तवर काचेचे ग्लास आले. मला ना ह्यो मिळाला ना त्यो. आन् तुमी मला सांगता, पितळी ने! ती कशी असती ते बघितलंय म्या बापाच्या हातात. ती नको मला."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई... तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी इचारलं कवा? येनाऱ्या-जानाऱ्याला इचारता, कोनाला मिळत नव्हतं म्हनून. मला एकदा तरी इचारलं? साडी बघितली, चष्मा बघितला, आन् मनानंच बसवलं मला पुढच्या बाकावर."

"पण सांगायचं तरी..."

"कशाला सांगू? म्हंजे तुमी पाटी लिवली असती. माझ्या बापाची पाटी. शाळेची पोरं रांगेनं आली असती वाचायला."

सहलीला येणारी पोरं पाट्या मोठमोठ्यांदा वाचत, एकमेकांना ढोसत, हसत, हे मला आठवलं. तेही रोज कानावर पडायचं. त्या विधवा आत्याबाईंच्या नातवंडांपैकी कुणी त्या बंबापुढे उभं राहिलं असेल का, हा विचार आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात कधी आला नव्हता. सर समोरच्या शेंगा नुसत्या इकडून तिकडे सारत बसले होते. सरांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली की यांना काही होतंय की काय.

मग ते उठले. खिशातल्या किल्ल्या त्यांना सापडेनात, सापडल्या तर नेमकी ती लागेना. शेवटचं कपाट उघडलं. दालनातली वस्तू दाराबाहेर न्यायची तर कुलसचिवांची सही लागते, गेटपास लागतो, विमा लागतो. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सरांनी आधी दोन्ही पाट्या काढल्या, दुमडल्या, शर्टाच्या खिशात घातल्या. मग चांदीचा प्याला डब्याच्या नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

"परत कधी आणायचा ते तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले.

"सोमवारी आनते. चोर नाय मी."

"मी... रविवारी मी आलो तर चालेल?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. भाषाही चढवली. "चर्चला दार आहे साहेब. या."

रविवारी सकाळी आम्ही दोघं बसने गेलो. माझ्या डोक्यात कुलसचिव होते, चौकशी होती, गेलेली नोकरी होती. चर्च लहानसं, चुना लावलेलं, निम्म्याहून जास्त भरलेलं. नाशकातल्या अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेली दोन-तीन तरणी पोरं डोळे चोळत बसली होती. आता कोण कुठे बसतं याला काही नियम राहिलेला नव्हता, जो तो पंखा बघून बसत होता. सर मात्र आत शिरले ते सरळ शेवटच्या बाकावर. मी त्यांच्या शेजारी. बाई पहिल्या बाकावर होत्या, पाठ ताठ.

पाळकसाहेब तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतेच आलेले. जुना प्याला परत आला याचा त्यांना निखळ आनंद झाला होता. त्याविषयी ते चार शब्द फार कौतुकाने बोलले: आपल्या पूर्वजांनी, सर्वांनी मिळून, याच प्याल्यातून वगैरे. सर नखाने बाकाची कड कुरतडत होते. पुढे बाईंनी मानही हलवली नाही.

प्रभुभोजनासाठी लोक उठले. बाईंना आधी नेलं. गुडघे टेकणं त्यांना जमेना, तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. पाळकसाहेब प्याला त्यांच्या ओठांना लावू गेले. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाळकसाहेब गोंधळले, पण त्यांनी सोडला. बाईंनी आत बघितलं. मग घोट घेतला. तो उतरायला फार वेळ लागला. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, खांदे वर आले, एक पोरगा त्यांना धरायला पुढे झाला.

उतरला शेवटी.

"चव तर तीच हाय," बाई म्हणाल्या.

हळू नव्हे. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. पाळकसाहेब प्याल्याची कड पुसायला पांढरा रुमाल घेऊन थांबले होते. बाईंनी प्याला दिला नाही. त्यांनी पुन्हा आत डोकावून बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली, आणि वळून सगळ्या बाकांकडे तोंड केलं.

"तीच हाय की हो. मग माझ्या बापाला का नाय दिला?"

कुणालाच काही कळेना. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. पाळकसाहेब हातातला रुमाल तसाच धरून उभे, त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊकच नव्हतं. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं. तेवढ्यात बाक करकरला. शेजारी बघितलं तर सर उभे राहिले होते. हात बाजूला सोडलेले, मान खाली, मास्तरांनी नाव घेऊन उभं केलेल्या पोरासारखे. मी त्यांची बाही ओढली, सर, बसा म्हटलं. लोक वळून बघत होते. प्याला पुढच्या माणसाकडे गेला, मग त्याच्या पुढच्याकडे, गाणं झालं, आशीर्वाद झाला, माणसं बाहेर पडू लागली. सर खाली बसले नाहीत.